यहोशवा १:९ रोज वाचूनही छातीतली धडधड जात नाही, तर काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न सकाळी वाचला, दुपारी परत वाचला आणि मगच लिहायला बसलो, घाईत उत्तर द्यावं असा तो नाहीच. तुम्ही डिचोलीच्या, वडिलांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला बांबोळीच्या हॉस्पिटलात आणावं लागतं. ऑफिसातल्या कॅथलिक मैत्रिणीने तुम्हाला एक छोटं कार्ड दिलं, त्यावर बायबलमधल्या यहोशवा नावाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातलं नववं वचन आहे: खंबीर हो, हिंमत धर, घाबरू नको, खचू नको, कारण तू जिथे जाशील तिथे तुझा देव परमेश्वर तुझ्याबरोबर आहे. महिनाभर रोज वाचताय, तरी वडिलांना सुई टोचायची वेळ आली की छातीत धडधड व्हायची ती होतेच. म्हणून विचारलंय की माझी श्रद्धा कमी पडतेय का, आणि मी हिंदू, मला हे वाचायचा हक्क तरी आहे का.

मी कोण ते सांगतो म्हणजे किती विश्वास ठेवायचा ते तुम्हाला ठरवता येईल. मूळचा नगरचा, मराठी ख्रिस्ती घरातला, वास्कोला पोर्टमधे नोकरी करून रिटायर झालो. पाळक नाही. पण पंचवीसेक वर्षं झाली, दर गुरुवारी आमच्या घरी आठ-दहा जण शास्त्रभाग वाचायला बसतात, आणि आठवड्यातला एक दिवस मी हॉस्पिटलात पेशंटच्या नातेवाईकांजवळ बसतो. हिब्रू शिकलो ते चाळिशीनंतर, पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं हे वाचल्यावर वाटलं की आपण निदान अक्षरं तरी गिरवू. पंडित वगैरे मुळीच नाही, पण हा एक अध्याय मी इतक्या लोकांबरोबर वाचलाय की त्याच्यावर मनापासून बोलू शकतो.

हक्काचं आधी संपवतो. हे शास्त्र मुळात यहुदी लोकांचं, आम्ही ख्रिस्ती लोकसुद्धा ते त्यांच्याकडूनच घेऊन वाचतो. त्यातले बेने इस्रायली तर आपल्याच कोकण किनाऱ्यावर अलिबागच्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या राहिले आणि घरात मराठीच बोलत आले. आणि इथे गोव्यात १६१६ साली राशोलला फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, त्याच्या पहिल्या भागात याच जुन्या कराराच्या, म्हणजे बायबलातल्या या यहुदी शास्त्राच्या, कथा मराठी ओव्यांत आहेत. म्हणजे गोव्यातल्या मराठी माणसाच्या कानाला या गोष्टी चारशे वर्षं ओळखीच्या आहेत. वाचा, निर्धास्त वाचा. कोणी तुम्हाला धर्म विचारणार नाही, आणि मीही विचारत नाहीये.

आता खरा प्रश्न. मला वाटतं तुम्ही ते वचन भीतीच्या गोळीसारखं घेताय, एक गोळी घेतली की धडधड थांबली पाहिजे, नाही थांबली तर गोळी तरी खोटी किंवा घेणारी तरी अपात्र. असं वाचणाऱ्या तुम्ही एकट्या नाही, आमच्या चर्चमधे जन्मभर बसलेली माणसंसुद्धा असंच वाचतात आणि वर भीतीबद्दल स्वतःला अपराधी समजतात, म्हणजे एका दुखण्याची दोन दुखणी होतात.

एक गोष्ट मात्र आधी, कारण ती माणसागणिक वेगळी असते. धडधड फक्त डायलिसिसच्या वेळी होत असेल तर पुढे जे लिहितोय ते कामी येईल. पण झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, घरी बसल्या बसल्या घाम फुटून श्वास कोंडत असेल आणि हे दोन-तीन आठवडे चाललं असेल, तर आधी डॉक्टरला दाखवा. बांबोळीतच मानसोपचाराची सरकारी संस्था आहे, आणि १४४१६ या टेलिमानस नावाच्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनच्या नंबरावर फुकट बोलता येतं. तिथे जाणं म्हणजे श्रद्धा कमी असणं नव्हे, तुम्ही वडिलांना डायलिसिसला नेता तेव्हा देवावर अविश्वास दाखवता का, तसंच हे.

आता वचनाकडे येऊ. "खंबीर हो, हिंमत धर" याच्या जागी हिब्रूत दोन शब्द आहेत, हझाक वे-एमात्स. यातला हझाक हा शब्द मला फार जवळचा, कारण त्याच धातूपासून घट्ट पकडणे, मुठीत धरणे असा अर्थ निघतो. निर्गम या बायबलातल्या दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याची काठी जमिनीवर पडून साप होते आणि मोशे चक्क पळतो, तसं स्पष्ट लिहिलंय, तो त्याच्यापुढून पळाला. मग देव म्हणतो हात पुढे कर आणि शेपटीला धर. मोशे हात पुढे करतो आणि धरतो, त्या धरतोला हिब्रूत हेच हझाकचं क्रियापद आहे. आता आपण घराच्या मागे, काजूच्या पाचोळ्यात साप बघितलेली माणसं, आपल्याला कळतं की एका वाक्यापूर्वी पळालेल्या माणसाने शेपटी धरली तेव्हा त्याच्या छातीत काय होत असेल. भीती गेली आणि मग त्याने धरलं असं तिथे कुठेही नाही. पळाला आणि धरलं, एवढंच आहे.

आणि गंमत बघा, हे आपल्या मराठीला आधीपासून माहीत आहे. आपण धीर "धर" म्हणतो, हिंमत "धर" म्हणतो. धीर सुटला म्हणतो, आणि सुटतं ते हातातलंच ना. हे मला एका गुरुवारी आमच्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी दाखवून दिलं, शाळा तिसरीपर्यंत, मी फळ्यावर हिब्रू धातू लिहून समजावत होतो तर त्या म्हणाल्या, म्हणजे धीर धर असंच ना? मी खडू खाली ठेवला. मला जे समजायला दोन वर्षं लागली ते त्यांच्या बोलण्यात रोज होतं.

त्याच वचनातला "खचू नको" पण बघा. तिथे जो शब्द आहे तो मोडण्याचा, बायबलातल्याच शमुवेलच्या पहिल्या पुस्तकात हन्ना नावाची बाई वीरांची धनुष्यं मोडली असं गाते तिथे हाच धातू आहे. म्हणजे सांगणं असं की मोडू नको. थरथरलेलं धनुष्य आणि मोडलेलं धनुष्य यात फरक आहे, आणि तुम्ही महिनाभर तीन-तीनदा डिचोलीहून वडिलांना घेऊन येताय म्हणजे तुम्ही कुठे मोडलात, मला तरी दिसत नाही.

आता हे कुणाला आणि कधी सांगितलंय ते बघायला हवं, कार्डावर ते मावत नाही म्हणून. मोशे मेलाय. चाळीस वर्षं ज्याच्या मागून चालायचं तो माणूस गेला, तीस दिवस रडून झालं, आणि दुसऱ्याच वचनात देव मोशेच्या जागी पुढारी झालेल्या यहोशवाला म्हणतो, माझा सेवक मोशे मेला आहे, आता ऊठ, यार्देन नदी ओलांड. यहोशवा घाबरला असं तिथे लिहिलेलं नाही, पण सहाव्या वचनात सांगितलं हिंमत धर, सातव्यात परत सांगितलं, नवव्यात परत. न घाबरलेल्या माणसाला एवढं तीन-तीनदा कोण सांगेल? आपण लहान पोराला पहिल्या दिवशी शाळेत सोडताना जसं परत परत सांगतो तसंच मला ते ऐकू येतं.

सातवं वचन नीट वाचा, माझ्या मते सगळ्या अध्यायाचा जीव तिथे आहे. तिथे हिंमत धरला "मेओद" जोडलंय, म्हणजे अतिशय, खूप खूप. तुम्हाला वाटेल हे लढाईबद्दल असेल. नाही! देश वाटून देण्याचं सहावं वचन आहे तिथे साधं हझाक वे-एमात्स आहे, आणि मेओद येतं ते नियमशास्त्र पाळायच्या वाक्यात, उजवीडावीकडे न वळता रोजचं रोज पाळत राहायला. म्हणजे सगळ्यात जास्त हिंमत मागितलीय ती रोजच्या चिकाटीला. ताई, मला हे तुमच्या घरचंच वर्णन वाटतं. वडिलांना दिवसाला किती पाणी ते मोजून देणं, भाजीत मीठ कमी, शहाळं नाही, केळं नाही, सोमवारी नेलं की बुधवारी परत, शुक्रवारी परत, आणि चवथीला सगळं गाव नेवऱ्या खात असताना आपल्या माणसाला नको म्हणणं. एखाद्या दिवशीचं शौर्य लोकांना दिसतं, हे कुणाला दिसत नाही, आणि मेओद तिथे आहे.

यहुदी गुरुजनांनीही ते असंच वाचलं. तालमूद या त्यांच्या जुन्या ग्रंथातल्या बराखोत भागात म्हटलंय की चार गोष्टींना सतत बळ द्यावं लागतं, शास्त्राभ्यास, सत्कर्म, प्रार्थना आणि रोजचा कामधंदा, आणि पहिल्या दोन गोष्टींसाठी पुरावा म्हणून यहोशवाचं हेच सातवं वचन दिलंय. सतत बळ द्यावं लागतं म्हणजे ते एकदा आलं की टिकत नाही, कमी होतं, परत भरावं लागतं. तुमचं कमी होतं यात तुमचा दोष नाही, ती त्या गोष्टीची जातच आहे.

आता श्रद्धा. तुम्ही विचारलंय श्रद्धा कमी पडतेय का. हिब्रूत श्रद्धेला एमुना म्हणतात, आमेन हा शब्द त्याच धातूचा. आणि ही एमुना बायबलात एका जागी अशी येते की मी पहिल्यांदा हिब्रूत वाचलं तेव्हा परत परत बोट ठेवून बघितलं, चुकलो तर नाही ना. निर्गम १७. यहोशवाचं नाव बायबलात पहिल्यांदा येतं ते इथेच. अमालेकी नावाचे शत्रू चालून आलेत, यहोशवा खाली लढतोय, मोशे टेकडीवर हात वर करून उभा. हात वर असले की इस्राएल वरचढ, खाली आले की अमालेक. आणि मोशेचे हात जड झाले. मग त्याच्याबरोबरचे अहरोन आणि हूर काय करतात, आधी एक धोंडा आणून त्याच्या खाली ठेवतात, तो बसतो, आणि मग एक या बाजूने एक त्या बाजूने त्याचे हात धरून ठेवतात. आणि पुढे हिब्रूत आहे, त्याचे हात सूर्य मावळेपर्यंत एमुना होते. एमुना! स्थिर होते. मराठीत "स्थिर" असं भाषांतर होतं ते बरोबरच आहे, पण श्रद्धेचा शब्द हाच. आणि ती श्रद्धा मोशेच्या एकट्याच्या दंडात नव्हती, तीन माणसांच्या हातांत आणि एका दगडात मिळून होती.

हे मी पुस्तकातून शिकलो पण समजलं २००९ साली, बायकोला मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हा. अकरा रात्री मी कॉरिडॉरमधे होतो. इतकी वर्षं लोकांना वचनं सांगणारा मी, मला प्रार्थनेचा एक शब्द येत नव्हता, बायबल पिशवीतच राहिलं. तिसऱ्या रात्री आमच्या शेजारची कॅथलिक बाई आली, हातात स्टीलच्या डब्यात पेज आणि दुसऱ्या हातात घडीची खुर्ची, वास्कोहून बसने ती खुर्ची घेऊन आली होती. बोलली काही नाही, खुर्ची उघडली, भियेनाका, म्हणजे घाबरू नको, म्हणाली आणि मला बसवलं. मी तीन दिवस भिंतीला टेकून फरशीवर होतो हे मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. आणि रात्रीची पाळी पोर्टमधल्या माझ्या हिंदू सहकाऱ्याने घेतली, तो रोज कामावरून यायचा आणि पहाटेपर्यंत मला झोपायला लावायचा. बायको वाचली, उजवा हात अजून थोडा कमी चालतो. पण ती वाचली नसती तरी मी हेच लिहिलं असतं, कारण माझी श्रद्धा त्या अकरा रात्री माझ्यात नव्हती, त्या दोघांच्या हातात होती आणि त्यांनी ती खाली पडू दिली नाही. धोंडा म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं, अहरोन आणि हूरने आधी हात नाही धरले, आधी बसायला दिलं.

तुम्ही प्रश्नात कुठेही दुसऱ्या माणसाचा उल्लेख केलेला नाही. भाऊ, काका, शेजारी, कुणीच नाही. आहेत की नाहीत मला माहीत नाही, आणि प्रत्येकाच्या घरची गोष्ट वेगळी, कुणाशी बोलणं बंद असतं, कुणाला सांगायची लाज वाटते, २०१८ ला खाणी बंद झाल्यावर तुमच्या भागात किती घरांचं कसं झालं ते मी ऐकलंय, ट्रकचे हप्ते डोक्यावर असलेल्या भावाला आणखी काय सांगणार असंही असेल. पण तुम्ही एकट्या हात वर धरून उभ्या आहात असं मला वाटलं, आणि मोशेलाही ते जमलं नव्हतं.

वाचायचं कसं ते सांगतो. आठव्या वचनात आहे, या शास्त्राचं रात्रंदिवस मनन कर. मनन म्हटलं की आपण डोळे मिटून शांत बसलेला माणूस डोळ्यांपुढे आणतो, पण मूळ शब्द हागा, तो पुटपुटण्याचा आहे. यशयाच्या पुस्तकात सिंह शिकारीवर गुरगुरतो तिथे आणि पारवा घुमतो तिथेही हाच शब्द आहे. म्हणजे तोंडाने, आवाजाने, हलक्या घशातून. जप करणाऱ्या घरात वाढलेल्या तुम्हाला हे आमच्यापेक्षा सोपं जाईल. फोनवर नजर फिरवू नका. कदंब बसमधे खिडकीशी बसून ओठांत म्हणा, "तू जिथे जाशील तिथे", एवढाच तुकडा म्हटला तरी चालेल, आणि म्हणताना काहीतरी हातात घट्ट धरा, पुढच्या सीटचा दांडा, पिशवीचा बंद, वडिलांचा हात. मशीन लावायची वेळ आली की धडधड होईल, होऊ द्या, तिला हुसकावू नका, तुम्ही फक्त हात सोडू नका. मी हे बऱ्याच जणांना सांगितलंय, कुणाची धडधड महिन्याभरात कमी झाली, कुणाची झालीच नाही पण ते दर वेळी आले. दोघांनाही मी हिंमतीचेच म्हणतो.

दुसऱ्या अध्यायात राहाब नावाची बाई आहे, तीही परक्या धर्माची, तिला खिडकीला लाल दोर बांधायला सांगितलंय. त्या दोराला तिथे तिकवा हा शब्द आहे, आणि आशेलाही हिब्रूत तिकवाच म्हणतात. आमच्या खारीवाड्याला १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते तेव्हा ट्रॉलर बांधून ठेवलेले असतात, पावसात ते किती हलतात ते येऊन बघा, दोर कधी ताणतो कधी सैल पडतो. लाट थांबवणं हे दोराचं कामच नाही.

एक सांगून ठेवतो, पुढे वाचत गेलात तर सहाव्या अध्यायापासून लढाया येतील, पाडलेली शहरं येतील, मारलेली माणसं येतील. मला ते वाचताना आजही त्रास होतो आणि मी ते गोड करून सांगत नाही. तुम्हाला सध्या त्यात जायची गरज नाही. पहिला अध्याय वाचा, फक्त अठरा वचनं आहेत, आणि शेवटपर्यंत वाचा, कारण बहुतेक लोक नवव्यावर थांबतात.

शेवटी काय आहे ते सांगतो. यार्देनच्या अलीकडेच ज्यांना जमीन मिळाली होती असे इस्राएलातलेच रऊबेनी, गादी आणि मनश्शेचा अर्धा वंश, त्यांची घरं लागली होती, बायकापोरं ठिकाणावर होती, त्यांना पलीकडे जायची स्वतःसाठी काही गरज नव्हती. तरी ते यहोशवाला म्हणतात, तू पाठवशील तिथे आम्ही जाऊ. आणि अठराव्या वचनात हझाक वे-एमात्स चौथ्यांदा येतं, या वेळी देवाच्या तोंडून नाही, या माणसांच्या तोंडून. तुम्हाला कार्ड देणाऱ्या मैत्रिणीच्या घरी सगळं ठीक असेल कदाचित. तिने कार्ड दिलं म्हणजे काहीतरी करायची तिची इच्छा आहे, फक्त काय करावं ते तिला सुचलं नसेल. कार्डाच्या मागच्या बाजूला पेनाने अठरावं वचन लिहा, तिला दाखवा, आणि विचारा की या बुधवारी बांबोळीला चार तास माझ्याबरोबर बसशील का, येताना जमलं तर एक घडीची खुर्ची आण.